कुस्तीवरच्या लेखांचं सचित्र पुस्तक स्वतः काढताना

गेली पंधरा-सोळा वर्षं मी कुस्तीवर लिहितोय. यात्रेतले फड, तालमीतल्या पहाटा, वस्तादांचे स्वभाव, हरून घरी जाताना एसटीत न बोलता बसलेले पठ्ठे. हे लेख जिल्ह्याच्या दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत आले, काही दिवाळी अंकांत. त्यातल्या बावीस लेखांचं पुस्तक मी स्वतःच काढलं. १६० पानं, तीसेक रेखाचित्रं, मध्ये आठ पानं छायाचित्रांची, ४०० प्रती. तेव्हापासून लोक विचारायला येतात. कुणी खो-खोवर लिहिलेलं असतं, कुणी चाळीतल्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर. एक निवृत्त शिक्षिका आपल्या शाळेच्या कबड्डी संघाच्या वीस वर्षांच्या वह्या घेऊन आल्या होत्या. प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. उदाहरणं कुस्तीची आहेत, कारण मला तेवढंच ठाऊक आहे. तुमच्या खेळाला ती लावून घ्या.

आधी कात्रणं पसरा, मग निम्मी उचला

सगळे लेख एकदम जमिनीवर मांडा. प्रत्येक लेखातून निकाल काढून टाकला, कोण जिंकलं आणि किती मिनिटांत जिंकलं ते पुसलं, तर काय उरतं ते बघा. काहीच उरत नसेल तर तो लेख पुस्तकात घेऊ नका. बातमी म्हणून तो त्या दिवशी चांगलाच होता, पण दहा वर्षांनी निकाल वाचायला पुस्तक कुणी उघडत नाही.

माझ्या एका लेखात वीस ओळी पहिल्या नंबराच्या कुस्तीवर होत्या आणि तीन ओळी हलगी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यावर. त्याचा नातू हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरला आणि म्हाताऱ्याचे हात थांबले. लोक ओरडले, ‘वाजवा की!’ तरी त्याला वाजवता येईना. पुस्तकासाठी त्या वीस ओळी गेल्या आणि तीन ओळींची पाच पानं झाली. त्यासाठी त्या गावाला पुन्हा जावं लागलं. ही तयारी ठेवा. पुरवणीतला लेख सहाशे शब्दांत कोंबलेला असतो, तो तसाच उचलून चालत नाही.

दुसरी अडचण पुनरुक्तीची. पुरवणीचा वाचक दर वेळी नवा, म्हणून आपण प्रत्येक लेखात तीच माहिती देतो. हौद्यातल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, हे मी बावीसपैकी सात लेखांत लिहिलं होतं. पुस्तकात ते एकदाच यावं, आणि जिथे मातीचाच विषय आहे तिथे यावं.

लेख तारखेनुसार लावू नका. मी कुस्तीच्या वर्षाप्रमाणे लावले: पावसाळ्यातली मेहनत, दिवाळीनंतर सुरू होणारा जत्रांचा हंगाम, मग चैत्रातले मोठे फड, शेवटी हंगाम संपल्यावर गावाकडे शेतात परतलेला पैलवान. तुमच्या खेळालाही असा एखादा क्रम असतोच. तो सापडला की पुस्तकाला कणा मिळतो. तो सापडेपर्यंत छपाईवाल्याकडे जाऊ नका.

आकडे आणि ‘पहिला’ हा शब्द

खेळावर लिहिणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त चुका ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘विक्रमी’ या शब्दांपाशी होतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्यपदक घ्या. ‘भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक’ असं लिहिलेलं मी अनेक ठिकाणी वाचलंय, आणि माझ्याही एका जुन्या लेखात तसंच होतं. ते चूक आहे. हॉकीचं सुवर्ण १९२८ मध्येच आलं होतं. नुसतं ‘पहिलं वैयक्तिक’ म्हटलं तर १९०० च्या पॅरिसमधली, भारताच्या नावावर धरली जाणारी नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदकं आडवी येतात. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ हे बरोबर. एका विशेषणाचा फरक, पण कराडच्या बाजूचा वाचक ती ओळ वाचून पुढे तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो.

प्रत्येक नाव, वर्ष, वजनगट, गाव यांची वेगळी वही करा आणि एकेका नोंदीवर खूण करत जा. स्थानिक सामन्यांसाठी तेव्हाची हँडबिलं आणि यात्रा कमिटीच्या वह्या खूप कामाला येतात. आठवणीवर लिहिलेलं असेल तर तसं वाक्यातच म्हणा, ‘वस्ताद सांगत’ असं. वाचक ते आनंदाने स्वीकारतो.

हक्क कुणाचे, हे कागदावर

इथे नवखी माणसं घाबरतात तरी किंवा सगळंच सोडून तरी देतात. मुद्दे थोडेच आहेत.

बाहेरून लिहिणारे लेखक असाल आणि हक्क लेखी देऊन टाकले नसतील, तर लेख तुमचेच. पगारी पत्रकार असाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा तुमचा. पुस्तकाचा हक्क त्या बाकीच्यात येतो. मात्र नेमणुकीचं पत्र आणि मानधनाच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचून घ्या, कारण करारात उलट लिहिलेलं असेल तर करार चालतो. संपादकांना एक साधं पत्र टाका आणि ऋणनिर्देशात अंकाचं नाव, वर्ष द्या. कायद्याच्याही आधी ही आपल्याकडची रीत आहे.

छायाचित्रांचं वेगळं. लेख तुमचा असला तरी शेजारी छापलेला फोटो तुमचा नसतो. कात्रणातला फोटो स्कॅन करून वापरायचा नाही. ‘खूप जुना आहे, चालेल’ असंही गृहीत धरू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्कही छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. आमच्या भागातले यात्रेचे फोटो काढणारे स्टुडिओवाले मनाने मोठे आहेत. नाव आणि एक प्रत एवढ्यावर बहुतेकांनी होकार दिला. पण तो होकार मी लिहून घेतला. तोंडी होकारावर मी एक फोटो मांडणीत घेतला होता. छपाईच्या आदल्या आठवड्यात कळलं की तो फोटो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला होता. पान पुन्हा लावावं लागलं.

फोटोतल्या माणसांनाही विचारा. तालमीतली बरीच मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्या आईवडलांची सही घ्या. संघांची, लीगची, ऑलिंपिकची बोधचिन्हं मुखपृष्ठावर घेऊ नका. ती नोंदलेली असतात आणि पुस्तकाला त्यांची गरजही नसते.

चित्रकाराशी एका पानाचा करार करा. त्यात किती चित्रं, किती पैसे, कधी द्यायचे, चित्रं पहिल्या आवृत्तीपुरती की पुढच्याही, ई-पुस्तकात चालतील का आणि मूळ कागद कुणाकडे राहतील, एवढं यावं. कायद्यात लेखी कराराला मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून मुदत लिहाच. मूळ चित्रं चित्रकाराकडेच राहू द्यावीत असं माझं मत आहे. ती त्याच्या हाताची आहेत.

चित्रं: ज्या गोष्टीला शब्द पुरत नाहीत तिथेच

सचित्र पुस्तक म्हणजे दर लेखाच्या डोक्यावर एक चित्र, असं बहुतेकांच्या मनात असतं. तसं केलं की चित्रं सजावटीची होतात आणि वाचक ती न बघता पान उलटतो. मी लेख वाचत गेलो आणि जिथे माझं वाक्य धडपडत होतं तिथे पेन्सिलीने गोल केला. ‘डावा हात मानेवर, उजव्याने मनगट धरून, कंबर आत घालून…’ असं तीन-तीन ओळी चाललेलं. तिथे चित्र हवं. असे गोल तीसच्या आसपास निघाले. वाक्यं मग छोटी केली.

चित्रकार चांगला होता, पण त्याने कधी कुस्ती बघितली नव्हती. पहिलं धोबीपछाडचं चित्र त्याने मनाने काढलं. देखणं होतं. ते घेऊन मी एका जुन्या वस्तादांकडे गेलो. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘बाळ, हा डाव बसायचाच नाही. गुडघं ताठ हायत.’ आणि खरंच, चित्रातला पैलवान ताठ उभा राहून दुसऱ्याला कंबरेला धरून उचलत होता. धोबीपछाडमध्ये हात खांद्यावरून ओढून घेतात, गुडघे वाकवून पाठ समोरच्याच्या खाली घालतात आणि धोबी कपडा आपटतो तसं पुढे आणतात.

त्यानंतर आम्ही तीन पहाटा तालमीत घालवल्या. दोन पठ्ठे एकेका अवस्थेत थांबून राहायचे, घाम ठिबकायचा, चित्रकार भराभर रेघा मारायचा. वस्ताद मागे उभे राहून ‘टाच वर घे’, ‘नजर खाली नाय, पोटावर’ असं सांगायचे. त्यातून प्रत्येक डावाची तीन चित्रं झाली: पकड, तोल जातानाचा क्षण, पाठ लागलेली. मधलं चित्र सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत तो क्षण सापडत नाही, सापडला तर हात-पाय एकमेकांत मिसळलेले दिसतात. रेखाचित्रात मागचा पाय ठळक काढून पुढचा पुसट ठेवता येतो. खो-खोतला खांबापाशी मारलेला सूर किंवा कबड्डीतली घोट्याची पकड, यांनाही हेच लागू पडतं. चित्रकाराला मैदानावर न्या, आणि काढलेलं चित्र खेळणाऱ्याला दाखवल्याशिवाय पक्कं करू नका.

फोटोचं काम वेगळं आहे: चेहरे, मोडलेले कान, झाडावर चढून बसलेली पोरं, फेटा बांधून घेताना खाली झुकलेली मान. आठ पानांत मी चौदाच फोटो घेतले. हाताशी दोनशे होते. सोडून देताना जीव तुटतो, पण एका पानावर सहा फोटो घातले की एकही दिसत नाही.

प्रत्येक फोटोखाली गाव, वर्ष, माणसांची नावं डावीकडून उजवीकडे आणि फोटो काढणाऱ्याचं नाव द्या. हलगीवाला, माती खणणारा, पाणी देणारा मुलगा, यांचीही नावं शोधा. पुस्तक हाती आल्यावर सगळ्यात आधी तीच पानं उघडली जातात.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. छपाईला फोटो ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतो. म्हणजे साडेचार इंच रुंद छापायचा तर किमान १,३५० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा मूळ प्रिंट आणून स्कॅन करा. शाईची रेखाचित्रं ६०० डीपीआयच्या खाली स्कॅन करू नका, रेघांच्या कडा फुटतात. रंगीत फोटो छपाईसाठी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, बदलावे लागतात. त्यात लाल मातीचा रंग तपकिरी होऊ शकतो, म्हणून एक पान आधी छापून बघा.

अक्षर आणि पान

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर तो बदलून घेतल्यावर एकेक ओळ वाचा. ‘ऱ्या’, ‘र्‍ह’, रफार आणि जोडाक्षरं तिथेच मोडतात. मराठी वळणाचे ल आणि श असलेला फाँट घ्या. हिंदी वळणाचे आले की आपल्या डोळ्याला पान परकं वाटतं. टिरो देवनागरी मराठी, मुक्ता, यशोमुद्रा हे मोफत मिळतात आणि छपाईत चांगले उठतात. इनडिझाइनमध्ये मांडणी करत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरी नीट जोडणारी सोय चालू आहे ना ते बघा, नाहीतर वेलांट्या भलत्याच जागी जातात. स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअरही शिकण्यासारखं आहे.

मुद्रितशोधन पैसे देऊन करून घ्या. स्वतःचा मजकूर आपण वाचत नाही, आठवतो. शोधणाऱ्या बाईंना मी डावांची आणि गावांची यादी आधीच दिली होती, नाहीतर ‘घिस्सा’ डावाचा ‘हिस्सा’ झाला असता.

क्रमांक, कर आणि चार प्रती

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो. तो मिळवून देण्याचे कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच दिसतो. अर्ज मांडणी संपायच्या बऱ्याच आधी करा. ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक लागतो.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं तेव्हाच हक्क तयार होतो. नोंद हवी असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे.

छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर असतो. अंदाजपत्रक मागताना ‘करासहित’ असं विचारा.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. अनेक जण हे टाळतात. मला ती चार पाकिटं करताना फार समाधान वाटलं. आमच्या वस्तादांचं नाव कोलकात्याच्या कपाटात राहणार होतं.

छापखान्यात

आकार ठरवताना हौस बाजूला ठेवा. डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, सगळ्यात कमी कागद वाया घालवणारा आणि दुकानाच्या फळीवर नीट बसणारा. चित्रं मोठी हवी असतील तर क्राऊन क्वार्टोसारखा मोठा आकार, पण मग टपालखर्चही वाढतो.

पानं सोळाच्या पटीत ठेवा. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, सोळा पानांचा. १६० पानं म्हणजे दहा फर्मे, १६४ झाली की चार पानांसाठी वेगळं काम निघतं. रंगीत पानं पुस्तकभर विखुरली की खर्च चढतो, म्हणून ती एकत्र आणून वेगळ्या आर्ट पेपरवर छापा. मजकुराच्या ७०-८० जीएसएम (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅपलिथो या साध्या कागदावर रेखाचित्रं झकास उठतात, पण फोटो काळपट होतात कारण तो कागद शाई शोषून घेतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या नमुना प्रतीचे पैसे वाचले असते.

शे-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते, तीन-चारशेच्या पुढे ऑफसेटचा दर विचारा. तीन ठिकाणचे दर घ्या आणि तिघांनाही एकच कागद द्या. त्यावर आकार, पानं, कागदाचं वजन, रंगीत पानं, मुखपृष्ठाचा कागद, लॅमिनेशन, बांधणी, प्रती, पोहोच हे सगळं लिहिलेलं हवं. नुसतं ‘१६० पानी पुस्तक, किती?’ असं विचारलं की मिळणारे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

बांधणीवर पैसे वाचवू नका. चित्रांचं पुस्तक पूर्ण उघडून बघितलं जातं आणि नुसत्या गोंदाची बांधणी पाठीत तुटते. फर्मे शिवून घ्या. मुखपृष्ठाच्या फाइलला चारही बाजूंनी कापणीसाठी तीन मिलिमीटर जास्त ठेवा. पाठीची जाडी अंदाजाने न घेता प्रत्यक्ष कागद ठरल्यावर छापखान्याकडूनच घ्या.

आणि सगळी छपाई सुरू होण्याआधी एक पूर्ण बांधलेली प्रत मागा. ती दोन रात्री उशाशी ठेवा. माझ्या प्रतीत दोन डावांची नावं एकमेकांच्या चित्राखाली गेली होती.

किंमत आणि विक्री

सगळा खर्च एकत्र करा: चित्रकार, मांडणी, शोधन, छपाई, ने-आण. विकायच्या प्रतींनी भागा, छापलेल्या प्रतींनी भागू नका. माझ्या ४०० पैकी जवळपास ५० वाटण्यात गेल्या, कारण पुस्तकातल्या माणसांना प्रत विकत घ्यायला लावणं मला जमणार नव्हतं. समजा प्रतीमागे खर्च ११० रुपये आला आणि किंमत २०० ठेवली. विक्रेत्याने ४० टक्के घेतले की हाती १२० राहतात. दहा रुपयांत टपाल, पिशव्या, परत आलेल्या मळक्या प्रती काहीच भागत नाही. किंमत खर्चाच्या किमान अडीच-तीन पट हवी.

प्रकाशनपूर्व सवलत द्या. यादी वहीत लिहा, पैसे आले की लगेच पावती द्या आणि सांगितलेल्या तारखेला पुस्तक पोहोचवा. ती रक्कम छपाईच्या आगाऊ पैशांना उपयोगी पडते.

खरी विक्री मैदानाच्या कडेला होते, हा माझा सगळ्यात मोठा अनुभव. यात्रा कमिटीला विचारून मी फडाच्या दारात एक टेबल लावलं. धोतर-टोपीतली माणसं यायची, चित्रांची पानं उलटायची, ‘हा तर आमचा अण्णा!’ म्हणायची. वाचता न येणाऱ्या एका आजोबांनी नातवासाठी दोन प्रती नेल्या. प्रकाशनाची तारीखही खेळाच्या पंचांगातून काढा. १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन असतो. शाळा, क्रीडा मंडळं तेव्हा कार्यक्रमच शोधत असतात.

टपालासाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट बघा. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून सुरू झालेली ही सेवा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून आहे, कर वेगळा, आणि पाकिटाचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. सार्वजनिक वाचनालयांसाठी ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथ यादीकडे त्या-त्या वर्षी प्रत पाठवा. पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेच्या अटीही वाचून ठेवा, पण ते हस्तलिखित असतानाच.

एक प्रत घरात वेगळी ठेवा, लाल पेनासकट. वाचक चुका सांगतात, नवी माहिती देतात, फोटोतल्या अनोळखी माणसाचं नाव कळवतात. माझ्या त्या प्रतीत ५७ व्या पानावर ‘ओळख पटली नाही’ असं छापलेल्या पोराचं नाव आता लिहिलेलं आहे. त्याच्या बहिणीने फोन करून सांगितलं.